सासूला माणूस करणारी अभिनेत्री

‘बाईच बाईची वैरीण’ हे वाक्य आपल्याला पोलीस ठाण्यात ऐकावं लागतं, कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकावं लागतं, महिला मेळाव्याच्या व्यासपीठावरूनही ऐकावं लागतं. ते एकदा उच्चारलं की नवऱ्याचा हात, सासऱ्याचा हुकूम, हुंड्याचा हिशेब सगळं मागे पडतं. समोर उरते एकटी सासू.

या वाक्याला मला सापडलेलं चोख उत्तर म्हणजे सुरेखा सिक्री यांचं काम. १६ जुलै २०२१ रोजी मुंबईत त्या गेल्या. कोरोनाच्या त्या दिवसांत चौघींनी जमून आठवणी काढायचीही सोय नव्हती. म्हणून एका चाहतीचा हा उशिराचा निरोप.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून त्यांनी तिथल्याच रंगमंडळात दहाहून अधिक वर्षं नाटकं केली. सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला: ‘तमस’, ‘मम्मो’ आणि ‘बधाई हो’ साठी. ‘तमस’मधली राजो आठवते? घरचे पुरुष दंगलीत लुटायला गेलेले, आणि ही बाई दारात आलेल्या म्हाताऱ्या शीख जोडप्याला आसरा देते. ‘मम्मो’मध्ये त्या मुंबईत नातवाला एकटीनं वाढवणारी फय्युजी झाल्या. फाळणीनं दुरावलेली विधवा बहीण पाकिस्तानातून येते. तिच्यावर चिडणारी आणि तिच्यासाठी तुटणारी अशी ती एकच बाई.

पण त्या घराघरांत पोचल्या त्या २००८ साली सुरू झालेल्या ‘बालिका वधू’तल्या दादीसा म्हणून. वस्तीतल्या बचत गटात या मालिकेचा विषय निघाला की सुना चिडून बोलायच्या, वयस्क बायका गप्प व्हायच्या. थोड्या वेळानं त्यांच्यातली एखादी स्वतःच्या लग्नाचं वय सांगायची, सासूचे टोमणे सांगायची. आमच्या कितीतरी बैठकांना जे जमत नव्हतं, ते दादीसानं जमवलं.

कारण सुरेखा सिक्रींनी तिला राक्षसीण केलं नाही. पुरुषसत्ता बाईला उतारवयात थोडी सत्ता देते, पण अटीवर: ती सुनेवरच चालवायची आणि घराण्याच्या रीतीची राखण करायची. दादीसाच्या करड्या आवाजात ही अट ऐकू यायची, आणि ती मोडण्याची ताकदही. नातवानं दुसरं लग्न केलं तेव्हा ती आनंदीच्या पाठीशी उभी राहिली. ‘बधाई हो’ (२०१८) मधली आजी तर उतारवयात दिवस गेलेल्या सुनेला आधी फाडून खाते, आणि भर लग्नघरात नातलग टोमणे मारू लागल्यावर तिचीच ढाल होते. व्यवस्थेनं घडवलेली बाई बदलू शकते, हे भाषण न देता सांगितलेलं.

पडद्याबाहेरही त्यांनी एक प्रश्न उभा केला. २०१९ च्या डिसेंबरात आजारपणामुळे चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी तिसरा राष्ट्रीय पुरस्कार घेतला, तेव्हा सभागृह उभं राहिलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ६५ वर्षांवरील कलाकारांना चित्रीकरणाला मनाई केली. पंच्याहत्तरीच्या सुरेखा सिक्रींनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याला काम हवं आहे, औषधपाण्याचा आणि घरचा खर्च आहे, आणि दान घेण्यापेक्षा मानानं कमवायचं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. टाळ्या देणं सोपं असतं. म्हाताऱ्या बाईला काम आणि मोबदला देणं अवघड. घरकामगार, शेतमजूर आजींचाही हाच प्रश्न आहे, फक्त त्यांचं म्हणणं छापून येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: आपली शिबिरं, मेळावे सुनांपाशी थांबता कामा नयेत. सासूला आरोपी म्हणून बोलावण्याआधी बाई म्हणून बोलवू या. अत्याचाराचा जाब तिलाही द्यावाच लागेल, पण तिची हकीकतही नोंदली गेली पाहिजे. सुरुवातीला सासू-सुनांना शेजारी बसवून ‘बधाई हो’ दाखवा, आणि नंतर आधी आजींना बोलू द्या.

सुरेखाताई, तुमच्या त्या खणखणीत आजीला सलाम.