पाच काने

ब्रशने काढल्यासारख्या एखाद्या खेळकर देवनागरी फाँटमध्ये ‘मामाचा वाडा’ एवढे दोनच शब्द जुळवावेत आणि ते मोठे करून पाहावेत. त्यात काने पाच. म, च, व यांचे स्वतःचे चार दंड धरले तर उभ्या रेघा नऊ. हेच शब्द पेंटरने पाटीवर लिहिले असते तर पहिला काना रंगाने भरलेल्या ब्रशचा, ठसठशीत उतरला असता आणि ‘डा’पर्यंत येताना ब्रश सुकून रेघेच्या टोकाला केसांच्या खुणा उमटल्या असत्या. फाँटमध्ये पाचही कान्यांवर त्याच जागी तोच ओरखडा दिसतो, आणि हात चालल्याचा भास तिथेच संपतो. अक्षर वेडेवाकडे केले की ते खेळकर होते, ही आपली समजूत अपुरी आहे. पुन्हा पुन्हा येणारे अवयव किती वेगळे उतरतात, यावर सगळे ठरते.

रोमन लिपीत हे थोडे सोपे जाते. रॉजर एक्सकोफाँ यांचा १९५३ सालचा ‘मिस्ट्राल’ हा फाँट खिळ्यांच्या काळातला, तरी तो हस्ताक्षरासारखा वाहतो, कारण शेजारची अक्षरे एकमेकांत मिसळतील अशी सांध्यांची आखणी आहे. आपल्याकडे शिरोरेषा शब्दाला वरूनच बांधून टाकते. खाली उरतात ते दंड, आणि ते एकसारखे असले की कुंपणाच्या गजांसारखे दिसतात. ‘यात्रा वन’ या देवनागरी फाँटने यातून वेगळी वाट काढली. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेली ब्रशची लकब त्यात आडव्या-उभ्या शिस्तीत बसवली आहे, सुकलेल्या ब्रशचे सोंग नाही. म्हणून तिथे पुनरावृत्ती खुपत नाही. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’ फाँटचा खेळही अक्षरांच्या फुगलेल्या अंगात आहे; तो हाताचा आव आणत नाही.

वाचकाला एवढे कुठे कळते, असे कोणी म्हणेल. त्याला कारण सांगता येणार नाही, हे खरे. पण कमल शेडगे यांच्या नाट्यशीर्षकांवर पोसलेल्या डोळ्याला काढलेले आणि जुळवलेले यांतला फरक जाणवतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटला आधीच शेकडो आकार लागतात, त्यात प्रत्येकाचे पर्यायी आकार कोणी काढायचे? पण ते सगळ्यांचे नकोतच. काना, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांचे तीन-तीन प्रकार पुरतात. ते आळीपाळीने आणण्याची सोय ओपनटाइप या फाँट-स्वरूपात आहे. फाँटमध्ये तसे नसेल तर शीर्षकाचे आकारात रूपांतर करून दोन-तीन काने हाताने बदलावेत (परवाना मुभा देतो का, ते आधी वाचावे). हे सारे अर्थात शीर्षकापुरते. दहा-बारा पॉइंटच्या मजकुरात शाई पसरून ओरखडे बुजतात आणि नुसता मळकटपणा उरतो, तिथे असा फाँट वापरूच नये.

फाँट तयार करणाऱ्यांना एक विनंती: नमुनापत्रकावर ‘कमळ’ पुष्कळ झाले, आता ‘मामाचा वाडा’ छापा.