थुंकीला मायक्रोस्कोप, पांढऱ्या पाण्याला का नाही?

मुळशी धरणाच्या काठावरच्या गावांत आमच्या बैठका होतात. दारू, रेशन, पाणी, सगळ्यावर बायका तावातावाने बोलतात. बैठक उठली, की एखादी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, अंगावर पांढरं जातंय." कधीपासून? "धाकटा झाला तेव्हापासून." धाकटा आता चौथीत आहे.

अशाच एकीला घेऊन मी एसटीने एका दवाखान्यात गेले. तिचा दिवसाचा रोज बुडाला. टेबलावर घेऊन तपासणे तर सोडाच, डॉक्टरांनी मान वर करून पाहिलेही नाही. चिठ्ठी लिहिली, गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती यायलाच तयार होईना. म्हणाली, "सासू म्हणते, बायकांना असतंच."

असतंच? १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. 'असतंच' नव्हे, कुणी पाहिलेलेच नव्हते!

मैत्रिणींनो, पांढऱ्या पाण्याची कारणे अनेक. बुरशी, ट्रायकोमोनास नावाचा जंतू, योनीतल्या जंतूंचा बिघडलेला तोल. काचपट्टीवर सलाईनच्या थेंबात स्राव घेऊन ४०० पट मोठा करून पाहिला, की ट्रायकोमोनास वळवळताना दिसतो. पण नमुना थंड पडला, तासभर गेला, की तो हालचाल थांबवतो आणि ओळखू येत नाही. म्हणजे काचपट्टी डबीत घालून तालुक्याला पाठवण्यात अर्थ नाही. मायक्रोस्कोपच बाईपाशी यायला हवा.

ओळखून काय फरक पडतो? पडतो! ट्रायकोमोनास असेल, तर नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर बाईला पुन्हा होतो. बुरशी मात्र बहुधा संबंधातून आलेली नसते. नेमके कळले नाही, की संशय बाईवरच. सरकारी केंद्रात अशा तक्रारीसाठी हिरवे पाकीट मिळते. जंतूंवरचे आणि बुरशीवरचे औषध त्यात एकत्र. लक्षण ऐकायचे, पाकीट द्यायचे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथली ही तडजोड. पण तडजोडीलाच कायमची व्यवस्था का मानायची?

पैसा नाही, असे कुणी सांगू नये. क्षयरोगासाठी १९९७ पासून देशभर सुधारित कार्यक्रम आला. लाखभर लोकसंख्येमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ५० हजारांमागे एक, असे थुंकी तपासण्याचे मायक्रोस्कोप केंद्र उभारायचे धोरण ठरले. ते योग्यच होते. खोकणाऱ्याचा आजार शेजाऱ्याला लागतो, म्हणून समाज जागा होतो. पांढऱ्या पाण्याने शेजारी घाबरत नाही. सोसते ती एकटी बाई.

आता काहीजण चमत्कार दाखवतील. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी २०१४ साली कागदाचा, डॉलरहून कमी खर्चाचा 'फोल्डस्कोप' मांडला. मुलांनी तो जरूर हाताळावा. पण मुलांच्या हाती येणारा फोल्डस्कोप दाखवतो १४० पट. आपल्याला हवा ४०० पट दाखवणारा, आरशाने उजेड घेणारा, पिशवीत मावणारा साधा मायक्रोस्कोप. वीजही नको.

त्यात सगळे दिसत नाही, हेही खरे. जंतू दिसला नाही म्हणजे नाहीच, असे म्हणता येत नाही. कॅन्सरची तपासणी वेगळी. पण आज काहीच न पाहण्यापेक्षा हे कितीतरी पुढचे.

आणि तो चालवणार कोण? उपकेंद्रातली नर्सताई, आशाताई. तांदळातला खडा नजरेने टिपणाऱ्या बाईला काचपट्टीवरचा जंतू शिकवता येत नाही का? मात्र आशाला कागदावर 'स्वयंसेविका' म्हणत आणखी एक काम फुकट लादाल, तर आमचा विरोध राहील. प्रशिक्षण द्या, पगार द्या, आडोशाची खोली द्या. बाईचे गुपित तिच्या परवानगीशिवाय मोबाईलवर फिरणार नाही, याची हमी द्या.

याच मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. बायाही त्यात उतरल्या होत्या. धरण झालेच. आमच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते, ती मुंबईला जाते. डोंगर फोडून पाणी खाली नेता येते, मग एक मायक्रोस्कोप डोंगर चढून वर आणता येत नाही?

पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न लाज न बाळगता, मोठ्याने विचारू या.