बोल्ड, दुहेरी अवतरण आणि सही-शिक्का

एका विद्यापीठाच्या संशोधन विभागाचे ताजे परिपत्रक काही वाचकांनी आमच्याकडे धाडले आहे. इंग्रजी प्रबंधात ‘सर्व शीर्षके’ बोल्ड करून दुहेरी अवतरणात द्यावीत, असे त्यात फर्मावले आहे. ग्रंथ, लेख, प्रकरण, भाषण, सगळे एकाच दावणीला. त्याच कागदावर खाली ‘एमएलए पद्धत बंधनकारक’ हेही आहे! एमएलए ग्रंथनाम इटॅलिकमध्ये मागते, लेखनाम अवतरणात. दोन्ही कलमे एकदम कशी पाळायची, ते सही करणाऱ्यांनी एक पान जुळवून दाखवावे.

याने बिघडते काय, असे विचारणारे आहेत. आंबेडकरांचेच पाहा. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा त्यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध. १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’त आला. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे १९३६चे स्वतंत्र पुस्तक. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत दोन्ही पहिल्याच खंडात आहेत आणि विद्यार्थी उतारे घेतात ते बहुधा तिथूनच. निबंध अवतरणात, पुस्तक इटॅलिक, खंडाचे नावही इटॅलिक, एवढे पाळले की नेमके काय शोधायचे ते परीक्षकाला कळते. बोल्डच्या राज्यात तो बिचारा निबंधाला पुस्तक समजून कपाटे धुंडाळणार.

मात्र मार्गदर्शक मंडळींनी कार्यालयाकडे बोट दाखवून सुटू नये. ‘हू वेअर द शूद्राज?’मधले प्रश्नचिन्ह गिळलेले, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मधला पहिला ‘द’ उडालेला, अशी प्रकरणे तुमच्या सहीनिशी येतात. त्याहून वाईट म्हणजे उतारा १९४५च्या आवृत्तीतला आणि खाली नाव ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’. ती आवृत्ती ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या नावाने, वाढीव मजकुरासह निघाली. ज्या आवृत्तीतून घेतले तिचे शीर्षकपान उघडा आणि तिथले नाव उपशीर्षकासकट उतरवा. मुखपृष्ठावर विसंबू नका. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर तर मुळीच नको.

मुद्रितशोधकांनो, देवनागरी तिरकी केली की वेलांट्या खुपतात, म्हणून मराठीत ग्रंथनामाला आपण एकेरी अवतरण देतो. ती सवय इंग्रजी मजकुरात नेऊ नका.

विद्या परिषदेवर आपले बरेच वाचक आहेत. त्यांनी येत्या बैठकीत हे परिपत्रक मागे घेण्याचा ठराव मांडावा. मसुदा आम्ही करून ठेवला आहे. आमच्या कार्यालयात कळवा, त्याच दिवशी पाठवू.