काट्यापासून बिलापर्यंतची एकच वही



लागण झाली की आपण गट ऑफिसात नोंद देतो. आडसाली, सुरू की खोडवा, को ८६०३२ की आणखी कुठली जात, सगळं फिल्डमन लिहून घेतो. याच नोंदीवर तोडणी प्रोग्राम बसतो, त्यावर टोकन, मग काट्याची पावती, पावतीवर बिल, आणि सोसायटीची कपात होऊन राहिलेली रक्कम बँकेत. पूर्वी हे वह्यांत होतं, आता कॉम्प्युटरात आहे. पण काट्यावर पावती निघते आणि बिल मात्र निघत नाही, असं झालं की प्रत्येक खातं दुसऱ्याकडं बोट दाखवतं.

आमचं म्हणणं असं, की कोणतं मशीन कुठं आहे, त्यात कोणता प्रोग्राम आहे आणि तो कशाच्या आधारावर चालतो, याची एकच वही कारखान्यात पाहिजे. नुसतं डेडस्टॉक रजिस्टर बघून ती होणार नाही. त्यात खरेदी कळते. मशीन आज काट्यावर आहे की कपाटात, ते कळत नाही. नेटवर्क तपासणारा प्रोग्राम चालू मशीनं हुडकतो, कुणाची माहिती कुणाकडं जाते तेही दाखवतो, पण गळितानंतर बंद ठेवलेलं मशीन त्याला दिसत नाही. आणि एखादा क्लार्क दुरुस्त्या पेन ड्राइव्हवर घालून मुख्य ऑफिसला नेत असेल, तर ते त्यालाच विचारलं पाहिजे.

तिन्ही याद्या शेजारी मांडाव्यात. जुळवताना मशीनचा सिरियल नंबर धरावा, नावावर जाऊ नये. गावात एकाच नावाचे दोन खातेदार असतात, तसंच हे. जिथं जुळत नाही तिथं जागेवर जाऊन बघावं. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू झाली, म्हणून आमचं बांधावर जाणं थोडंच सुटलं!

यात शेती खात्याचं काय काम, असं कुणी म्हणेल. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पुढं उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. ते व्याज आपल्याच कारखान्यातून जाणार. शिवाय बिल अडलं की सभासद पहिल्यांदा येतो तो आमच्याच दारात.

मिलची ओव्हरहॉलिंग चालू असते त्याच दिवसांत हे काम उरकावं, आणि पुढं मशीन बदललं की त्याच दिवशी वहीत नोंद व्हावी. सभासदांनीही वारसनोंद झाली असेल किंवा बँक खातं बदललं असेल, तर ताजा सातबारा व पासबुकाची झेरॉक्स गळितापूर्वी गट ऑफिसात द्यावी.