थांबते कशी?

दोस्तांनो, भोरहून महाडला जाताना वरंधा घाटात, नाहीतर वेल्ह्याच्या वाटेवर पाबे घाटात एखादी बुटकी, रुंद स्पोर्ट्‌स कार सुर्रकन गेली, की तुम्ही लगेच विचारता, "किती पळते हो?" आता विचारा, "थांबते कशी?"

वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. ब्रेक दाबला, की तिची उष्णता बनते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर हे वळणावळणाला घडतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, तरी तेच!

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं 'डॉट ४' ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेलं मात्र १५५ च्या आसपासही उकळू शकतं. मग वाफेचे बुडबुडे होतात, तेच दबतात आणि पेडल नुसतं खाली जातं!

म्हणून जाणता मालक ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदलतो, पॅड तपासतो. घाट उतरताना खालचा गिअर टाकतो. आणि शर्यत? ती ट्रॅकवरच! घाटातल्या वळणापलीकडे गुरं असतात, शाळेतून परतणारी मुलंही.

तुमच्या घरच्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललंय? आजच विचारा बघू!