मुदत फक्त अर्जदाराला

वळच्या गोदामातून निघालेला टीव्ही या क्षणी कुठल्या ट्रकमध्ये आहे, कसारा घाट चढला की नाही, हे नाशिकच्या गिऱ्हाइकाला मोबाईलवर दिसतं. वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यात आता भातशेतीपेक्षा पत्र्याच्या शेड जास्त आहेत, आणि इथली पोरं 'डिस्पॅच' आणि 'ट्रॅकिंग' हे शब्द चहा मागवावा तितक्या सहज बोलतात. याच पट्ट्याच्या शेजारी, भिवंडीत आणि आसपासच्या कोकणी मुस्लिम वस्त्यांत अशी घरं आहेत जिथली सून निकाहनंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षं नवऱ्याच्या व्हिसाच्या निरोपाची वाट बघते आहे. तिचा कागद कुठल्या टेबलावर आहे ते कोणालाच सांगता येत नाही. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : 'प्रोसेसिंगमध्ये आहे.'

या 'प्रोसेसिंग'बद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. लोकांना वाटतं, सगळी वाट एकाच प्रकारची असते. तसं नाही. एक वाट असते कारकुनाच्या कामाची : अर्ज उघडणं, कागद तपासणं, मुलाखत. दुसरी असते रांगेची. तुमचा अर्ज मंजूर होऊनही तुमचा नंबर यायला वर्षं लागतात, कारण कायद्यानेच जागा मोजून ठेवलेल्या आहेत. आणि तिसरी सगळ्यात क्रूर. तिथे रांगच नसते, कारण तुम्हाला दारातूनच परत पाठवलेलं असतं.

आखाती देशांत आपली माणसं बहुतेक या तिसऱ्या प्रकारात मोडतात. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये बायको-मुलांना बोलावण्यासाठी किमान पगाराची अट ८०० दिनारांवर नेली आणि वर पदवीची अट घातली. पदवीची अट त्याच वर्षी जुलैमध्ये सैल झाली, पगाराची राहिली. ड्रायव्हरला, सेल्समनला, एसी दुरुस्त करणाऱ्याला ८०० दिनार कोण देतो? सौदीत इकाम्यावर पेशाच्या रकान्यात 'आमिल', म्हणजे मजूर, लिहिलेलं असेल तर कुटुंब आणायचा विषयच निघत नाही. ज्यांचा निघतो त्यांच्यासाठी जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी सुरू झाली, आणि ती वाढत वाढत २०२० मध्ये ४०० झाली. बायको आणि दोन मुलं धरा. वर्षाला १४,४०० रियाल. तीन हजार रियाल पगाराच्या माणसाची ही जवळजवळ पाच महिन्यांची कमाई. त्या काळात कित्येकांनी बायका-मुलांना गावी परत पाठवलं, मुलांच्या शाळा मध्येच तोडल्या. विलायतेचंही तेच. बायकोला बोलवायला २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड कमाई लागत होती, ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. हा आकडा ज्याच्या हातात नाही त्याला किती आठवडे लागतील हे विचारण्यात अर्थच नाही.

अमेरिकेचा हिशोब वेगळा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. नागरिकाची बायको, नवरा, लहान मुलं आणि आईवडील यांच्यावर संख्येची मर्यादा नाही. तिथे फक्त कारकुनाची वाट. पण ग्रीन कार्डवाल्याची बायको रांगेत उभी राहते, आणि नागरिकाचा भाऊ किंवा बहीण तर सगळ्यात शेवटच्या रांगेत. भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ६५,००० जागा, त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची चौकट. ही चौकट भारताला आणि आइसलँडला सारखीच. परिणाम असा की २०२५ च्या मध्यात भारतातल्या भावंडांचे जे अर्ज हाती घेतले जात होते ते २००६ सालचे होते. एकोणीस वर्षं! अर्ज भरला तेव्हा कडेवर असलेलं पोर आज कॉलेज संपवून बसलेलं. एकवीस वर्षं झाली की ते 'मूल' राहत नाही आणि आईबापाच्या फाइलीतून गळतं. २००२ च्या एका कायद्याने थोडी सूट दिली आहे, पण ती मजेशीर आहे. रांगेत गेलेली वर्षं मुलाच्या वयातून वजा होत नाहीत, फक्त अर्ज मंजूर व्हायला ऑफिसने लावलेला काळ वजा होतो. म्हणजे कारकून जितका आळशी, तितका तुमच्या मुलाचा फायदा. दिरंगाईची दुआ मागावी असा हा एकच कायदा मला माहीत आहे.

आणि ऑफिसच्या वेबसाइटवर जो 'प्रोसेसिंग टाइम' दिसतो तो तुमच्या फाइलीचा नसतो. तितक्या काळात ८० टक्के प्रकरणं निकाली निघाली, एवढाच त्याचा अर्थ. पाचांतली एक फाइल त्याच्या पुढे जाणार हे त्यात गृहीतच आहे.

मला राग येतो तो वेळ लागण्याचा नाही. राग येतो तो मुदत एकाच बाजूला असण्याचा. अर्जदाराला प्रत्येक गोष्टीची मुदत आहे. वैद्यकीय तपासणी साधारण सहा महिन्यांत शिळी होते, पोलिसांचा दाखला शिळा होतो, आणि नंबर लागल्याचं कळवूनही वर्षभर संपर्क केला नाही तर अमेरिकेची फाइल बंद होते. सरकारला मात्र मुदत नाही, 'सरासरी' आहे.

आपल्या परंपरेत याच्या उलट उदाहरण आहे. हजरत उमर (रजि.) रात्री मदिनेत गस्त घालत असताना एका घरातून बाईचा आवाज ऐकू आला. तिचा नवरा लष्करात दूर होता आणि ती विरहात शेर म्हणत होती. खलिफांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सांना विचारलं : बाई नवऱ्याशिवाय किती काळ सबर करू शकते? उत्तर आलं चार महिने, काही रिवायतींत सहा. त्यानंतर कुठल्याही सैनिकाला त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवायचं नाही असा हुकूम निघाला. कुरआनमध्ये सूरह बकराने बायकोपासून दूर राहायची शपथ घेणाऱ्या नवऱ्यालाही चार महिन्यांचीच मुदत दिली आहे. मला या रिवायतीत सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की मुदत त्या बाईवर घातली गेली नाही, राज्यावर घातली गेली. आणि आकडा ठरवण्याआधी एका बाईला विचारलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, खोटी लग्नं होतात, सरकारांनी तपासायला नको का? जरूर तपासावं. पण ढिगात पडलेली फाइल कोणी तपासत नसतो. ती नुसती पडलेली असते.

बोट फक्त बाहेर दाखवूनही चालणार नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे सात वर्षं इथे राहिल्यावरच नोंदणीचा अर्ज करता येतो, आणि त्यानंतर ऑफिसची वाट सुरू होते. कोकणी मुस्लिमांची नाती फाळणीपासून कराचीत आहेत. तिथून सून होऊन आलेल्या बायका लाँग टर्म व्हिसावर दिवस काढतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध लोकांना मारलं गेलं, त्या हैवानियतीला माफी नाही. पण त्यानंतर अटारीला आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि मुलांचा दुसऱ्या देशाचा म्हणून माणसं फाटकाशी ताटातूट होऊन उभी होती, तेही आपण टीव्हीवर पाहिलं.

आता आपल्या घरातलं. रिश्ता जमवताना मुलगा 'सौदीला आहे' एवढ्यावर मुलीचा बाप खूश होतो. इकाम्यावर पेशा काय लिहिलाय, पगार किती, अमेरिकेत असेल तर नागरिक आहे की ग्रीन कार्डवर, हे विचारायला लाज वाटते. मेहर मात्र दोन तास घासाघीस करून ठरते. मुलगा महिनाभराच्या सुट्टीवर येतो, निकाह, वलीमा, आणि विमानतळावर 'सहा महिन्यांत बोलावतो' असं सांगून जातो. बिचारा खोटं बोलत नसतो, त्यालाही माहीत नसतं. मागे राहिलेली मुलगी सासरी स्वयंपाक करते आणि तिच्या पोटी मूल का नाही म्हणून टोमणे ऐकते.

निकाहनामा उर्दूत घरी ठेवून भागत नाही. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे विवाहनोंदणी लगेच करा. पासपोर्टवरचं नाव आणि निकाहनाम्यातलं नाव अक्षरन्अक्षर जुळवून घ्या. 'शेख' आधी की नंतर, एवढ्यावरून महिने जातात. आणि निकाहनाम्यात शर्त लिहायची सोय आपल्या शरियतने दिलेली आहे. दोन वर्षांत नवरा बोलावू शकला नाही किंवा स्वतः परतला नाही, तर तफवीजने तलाकचा हक्क मुलीकडे, अशी एक ओळ लिहून घेता येते. खुशीच्या मजलिशीत तलाकचं नाव काढू नये असं मला एका मौलाना साहेबांनी सांगितलं. मी म्हटलं, हजरत, मेहरची मुअज्जल आणि मुवज्जल ठरवताना आपण काय बोलत असतो? ते हसले, आणि मसुदा पाठवून द्या म्हणाले. मी पाठवला आहे.