घड्याळ कोणाचे खरे?

म्हैसूरच्या राजवाड्याजवळ एक उंच घड्याळ-मनोरा आहे. लोक त्याला कन्नडमध्ये 'दोड्ड गडियार', म्हणजे मोठे घड्याळ, म्हणतात. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९२७ साली तो उभारला गेला. तबकडीवरील आकडेही कन्नड आहेत. ज्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते, त्या सर्वांसाठी वेळ तेथे उंचावर मांडून ठेवलेली होती. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना अशा घड्याळांची गरज संपली, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही.

कारखान्याच्या फाटकावरील घड्याळ दोन मिनिटे पुढे असले, तर उशिराचा शेरा कामगाराच्या नावापुढे पडतो. 'माझ्या घड्याळात अजून वेळ आहे' हे त्याचे म्हणणे कोण ऐकणार? १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे घड्याळात तेवढेच वाजलेले असताना कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी गिरणीत हजर व्हावे लागणार होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद पाडून विरोध केला. जुनी 'मुंबई वेळ' शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. हा केवळ हट्ट होता, असे म्हणणे सोपे आहे. पण आपल्या झोपेचा हिशेब कोण ठरवतो, हा प्रश्न त्यामागे होता.

घड्याळे चुकतात कशी, हेही समजून घ्यावे. भिंतीवरील साध्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. विजेच्या साहाय्याने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरते. तोच सेकंदकाट्याचा ठोका. परंतु उष्णतेने व काळाने स्फटिकाची गती किंचित बदलते आणि महिन्याला काही सेकंदांची तफावत पडत जाते. यावर उपाय म्हणून रेडिओ-नियंत्रित घड्याळे निघाली. जर्मनीत माइनफ्लिंगेन येथील केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर अणुघड्याळाची वेळ प्रक्षेपित करते. घरातील घड्याळ ती लहर पकडून स्वतःला दुरुस्त करून घेते. त्याच्या काट्यांना मालकाचा हात लागावा लागत नाही, हा गुण मला अचूकतेपेक्षाही मोलाचा वाटतो. ती लहर मात्र सुमारे दोन हजार किलोमीटरच पोहोचते. परदेशी असलेल्या मुलाने हौसेने आणलेले असे घड्याळ म्हैसूरच्या भिंतीवर साधे क्वार्ट्झ घड्याळ होऊन राहते!

आपल्याकडे हे काम बराच काळ आकाशवाणीने केले. बातम्यांपूर्वीचे ठोके ऐकून घराघरांत घड्याळ लावले जाई. 'आकाशवाणी' हे नावही म्हैसूरचेच. महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून जे खासगी केंद्र सुरू केले, त्याचे ते नाव होते. ठोका सर्वांना एकाच क्षणी ऐकू येई, मालकाला आणि मजुरालाही.

प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तेथील अणुघड्याळांची वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांमार्फत देशभर पोहोचवण्याची योजना शासनाने आखली. सर्व व्यवहार प्रमाणवेळेनेच व्हावेत, अशा नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बँका आणि दूरसंचार कंपन्यांना याचा लाभ होईलच. पण ही वेळ परीक्षा केंद्राच्या दारावर, बसस्थानकावर आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर, सहज दिसेल अशा तबकडीवरही यायला हवी. हजेरीचा वाद झाला, तर फाटकाच्या आतील नव्हे, बाहेरील घड्याळ प्रमाण मानावे, असा नियम त्याच मसुद्यात घालता येईल.